किनाऱ्यावरची जुनी फायबर होडी हिडकलच्या पाण्यात: सांगाडा घ्या, मशीन जपून

बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, सौंदत्ती भागात जुनी होडी शोधायला निघालं की मालवण-वेंगुर्ला, गोवा किंवा कारवारकडचा माल समोर येतो. १६ ते १८ फुटी उघडी फायबर होडी आणि मागं ८ ते १५ हॉर्सपॉवरचं दोन स्ट्रोक मशीन. हिडकलच्या जलाशयात मासेमारीला, नविलुतीर्थच्या धरणात किंवा कृष्णाकाठच्या गावात पुराच्या दिवसांसाठी ही होडी कामाची आहे. पण 'मशीनसकट एवढे' असा सौदा करू नका. खारं पाणी फायबरला फारसं काही करत नाही, मशीनला मात्र आतून खातं. दोन्हीची किंमत वेगवेगळी ठरवा.

सांगाड्यात सगळ्यात आधी मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम बघा. तिच्या आत प्लायवूड असतं. मशीनच्या बोल्टची भोकं नीट बंद केलेली नसली की तिथून पाणी झिरपतं, प्लाय कुजतो आणि बाहेरचा फायबर वर्षानुवर्षं छान दिसत राहतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वरपासून खालपर्यंत ठोकत जा. 'टण' वाजलं तर ठीक, 'भद्द' वाजलं तर आत पोकळ किंवा ओलं आहे. मग मशीन वर उचलून त्याच्या पायाला धरून वर-खाली हलवा. फळी मशीनबरोबर वाकत असेल किंवा कोपऱ्यात केसासारख्या भेगा उघडत असतील तर लाकूड गेलेलं आहे. शंका राहिली तर मालकाला विचारून आतल्या बाजूनं, तळाजवळ, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलला लागून आलेला भुसा चिमटीत घ्या. कोरडा, फिकट, चुरचुरीत असेल तर फळी निरोगी. काळपट, ओला, बोटाला चिकटणारा आणि आंबूस वासाचा असेल तर पूर्ण फळी बदलावी लागते. वरून काचतंतूंची मॅट चढवून ती वाचत नाही. तपासून झालं की भोक इपॉक्सीनं बुजवा.

दुसरी जागा दुहेरी तळाची. आत फोम भरलेला असेल आणि वरच्या तळाला चीर गेली असेल तर फोम पाणी पिऊन बसतो, आणि ते वरून कळत नाही. आपल्याकडं याला सोपा उपाय आहे, वजनकाटा. ऊसपट्ट्यात तो जवळपास सापडतोच. ट्रॉली होडीसकट आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर घाला आणि दोन्हींतला फरक होडी बांधणाऱ्यानं सांगितलेल्या मूळ वजनाशी ताडा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, म्हणजे एका बाजूला कायमची दीड माणसं बसलेली. मोठा काटा २०-२५ किलोचा फरक नीट दाखवणार नाही, पण शंभर-दीडशे किलो लपत नाहीत.

बाहेरून जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, बोटाच्या पेरापेक्षा लहान फोड दिसतात. पाच-दहा असतील तर घासून, वाळवून भरता येतात. तळभर असतील तर तेवढी किंमत पाडा किंवा सोडून द्या. होडी पाण्याबाहेर काढून बरेच दिवस झाले की फोड बसतात, म्हणून शक्यतो नुकती ओढून घेतलेली होडी बघावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, त्याआधी मे महिन्यात बोटी वर यायला लागतात. बघायला हेच दिवस बरे. दुरुस्तीही पावसाआधीच उरकावी, ओलाव्यात रेझिन नीट बसत नाही.

दुरुस्ती दिसली तर ती कशी केली आहे ते बघा. चिरेच्या दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण बारापट अंतरापर्यंत उतार घासून, ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर देऊन केलेलं काम टिकतं. नुसत्या चिरेवर पट्टी चिकटवून रंग मारलेला असेल तर नखानं उचकटून बघा, कडेनं सुटते. स्वतः करणार असाल तर पॉलिस्टर रेझिनला हार्डनर १ ते २ टक्के पुरे. मे महिन्याच्या उन्हात १ टक्क्याच्या आसपास राहा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका, भांड्यातच गरम होऊन घट्ट होतं.

आता मशीन. जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा की सकाळपासून चालू करायचं नाही, थंड मशीनच खरं बोलतं. सुरुवात गिअरच्या तेलापासून. रात्रभर उभं ठेवलेल्या मशीनच्या पायाचा खालचा स्क्रू जरासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं आत गेलेलं असेल तर पहिल्यांदा तेच थेंबानं बाहेर येतं. तेल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं तर सील गेलेलं आहे. सील स्वस्त असतं, पण त्या पाण्यात फिरलेले गिअर आणि बेअरिंग स्वस्त नसतात. तेल परत भरताना खालच्या भोकातून वर चढवायचं आणि वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं. वरून ओतलं तर हवा अडकते.

मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत हवा, १५ च्या पुढं गेला तर खोलल्याशिवाय घेऊ नका. सिलिंडरच्या डोक्याच्या (हेडच्या) बोल्टांभोवती पांढरी भुकटी जमलेली असेल तर मीठ तिथपर्यंत पोचलं आहे. असे बोल्ट काढताना तुटतात आणि साधं गॅस्केटचं काम लेथवर जातं.

चालू करायचं ते २०० लिटरच्या बॅरलमध्ये, पंख्यावरची (प्रोपेलरवरची) आडवी पट्टी बुडेल एवढ्या पाण्यात आणि गिअर न टाकता. कोरडं काही सेकंदही फिरवू नका, थंड करायला पाणी खेचणारा इम्पेलर रबराचा असतो, तो जळतो. थोड्याच वेळात मागून पाण्याची धार पडली पाहिजे, जोरात आणि न तुटता. धार बारीक असेल तर नुसता इम्पेलर गेलेला असू शकतो, तो बदलणं सोपं. नवा घालूनही तशीच राहिली तर आतल्या वाटा मिठानं बुजल्या आहेत. ते मशीन परत द्यावं.

समुद्रावर जोरात पळणारं मशीन इथं थोडं मंद वाटेल, त्याला विक्रेत्याचा दोष देऊ नका. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० ते ७५० मीटर उंच आहे. हवा विरळ, त्यामुळं ताकद सहा-सात टक्क्यांनी उतरते. पूर्ण थ्रॉटलला मशीन सांगितलेल्या आरपीएमपर्यंत चढत नसेल तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात तेवढा कमी पुढं सरकणारा) पंखा लावा, १५० ते २०० आरपीएम परत मिळतात. मशीन गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे तुकडेही बदला. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं, इथं मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचे हवेत. त्यांना रंग लावायचा नसतो.

पेट्रोलची आजची अडचण इथेनॉल. पंपावर २० टक्के मिसळलेलं मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडतात, पाणी ओढलं की इथेनॉल तळाशी उतरतं, आणि ५०:१ वर (५० भाग पेट्रोलला १ भाग तेल) चालणारं मशीन तेल नसलेला थर पिऊन बसतं. नळ्या आणि पेट्रोल चढवायचा रबरी बल्ब घेतल्याबरोबर बदला. १० लिटरला २०० मिली तेल, आणि लागेल तेवढंच कालवा. काम संपलं की नळी काढून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत चालवा.

होडी आंबोली किंवा चोर्ला घाटानं आणताना मशीन काढून वेगळं, उभं बांधा. ट्रॉलीत उसाचा पाला हातभर पसरून त्यावर जुने टायर आणि मग होडी. पट्टा फायबरवर थेट आवळला की कडेला चीर जाते, खाली पोतं घाला. हिडकलला पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, आणि त्या दिवसांत पाण्याखालचे दगड-खुंटही पंख्याच्या उंचीला येतात. मशीनला शिअर पिन (पंखा आपटला की स्वतः तुटून गिअर वाचवणारी) असेल तर तशा दोन खिशात ठेवा.

माणसांचा हिशेब समुद्रावरच्या आकड्यानं करू नका. गोडं पाणी हलकं, तेवढ्याच वजनाला होडी थोडी जास्त बुडते. त्यात पुराच्या वेळी सामान आणि घाबरलेली, उभी राहणारी माणसं असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जादा भरलेली होडी उलटली आणि माणसं गेली. लिहिलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशच बसवा, जॅकेट जेवढी तेवढीच माणसं.

कागदांत होडीच्या अंगावरचा क्रमांक बघा. आयएनडी-एमएच, आयएनडी-जीए किंवा आयएनडी-केए असेल तर ती मासेमारी बोट म्हणून नोंदलेली आहे. मालकानं तिथल्या मत्स्य विभागाकडून नोंद रद्द करून ना-हरकत आणलं पाहिजे. सबसिडीत किंवा कर्जावर घेतलेली असेल तर त्याचाही दाखला हवा. इकडं मशीन लावलेल्या नावेला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते आणि जलाशयात जाळं टाकायला कर्नाटक मत्स्य विभागाचा परवाना वेगळा. खरेदीचा कागद मराठीत असेल तर सोबत कन्नड तर्जुमा जोडा. आणि मशीनचा नंबर ब्रॅकेटच्या पट्टीवरून स्वतः वाचून कागदावर उतरवा, मालकाच्या तोंडून नको. पट्टी खरवडलेली असेल तर मशीन तिथंच सोडून फक्त होडी आणा.