कार्पेट बीटलसाठी पेस्ट कंट्रोल केलं, साडेतीन स्टार, आणि ते पण दुसऱ्या माणसाला

सरळच सांगते, ह्या किड्यासाठी कोणाला बोलावणार असाल तर तो किती लिटर औषध मारतो ते बघू नका, मारायच्या आधी किती वेळ शोधतो ते बघा. आम्ही दोन जणांना बोलावलं, औषध दोघांचंही त्याच जातीतलं असणार, फरक फक्त शोधण्यात होता.

आमच्याकडे कार्पेट नाहीये. पुण्यात टू बीएचकेत कोण कार्पेट टाकतंय! पण नाव कार्पेट बीटल असलं तरी ह्याला कार्पेटचं काही पडलेलं नसतं, ह्याच्या अळीला लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे असलं काहीही चालतं. आमच्या दिवाणाच्या बॉक्समध्ये गावाकडची घोंगडी, सासऱ्यांचं पूजेचं रेशमी सोवळं, आजेसासूबाईंची पैठणी, सगळं एकावर एक, म्हणजे पंगतच मांडलेली. घोंगडीला भोकं दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं कसर लागलीय, ऊन दाखव आणि डांबर गोळ्या टाक." केलं तसं. थांबलं नाही. त्यात मुलाच्या पाठीवर आणि दंडावर गांधी उठायला लागल्या, रात्री खाजवून खाजवून बेजार.

तर पहिला माणूस, अॅपवरून बुक केलेला, नाव लिहीत नाही. आला, गांधी बघितल्या, म्हणाला ढेकूण, गादीवर आणि पलंगाच्या सांध्यांत स्प्रे मारला आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर. दिवाणाचं झाकण उघडलंसुद्धा नाही. गादीवर एक ढेकूण नाही, रक्ताचा डाग नाही, तरी ढेकूणच! कार्पेट बीटल चावत नाही, त्याच्या अळीच्या अंगावर बारीक केस असतात, ते कपड्यात-चादरीत राहतात आणि काहींना त्याची अॅलर्जी येते, दिसायला अगदी ढेकूण चावल्यासारखी. हे मला नंतर स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, खरं तर त्या स्प्रेवाल्याला माहीत असायला पाहिजे होतं.

दुसरा आमच्याच भागातला, छोटा धंदा, दोघं भाऊ बघतात. ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा आला, फोन पण उचलेना, ह्याचा अर्धा स्टार गेला. पण आल्यावर पहिलं काय केलं तर खिशातून टॉर्च काढून खिडकीच्या ट्रॅकमध्ये बघितलं. तिथे चार-दोन मेलेले किडे, तिळाएवढे, गोल, पाठीवर पांढरे-तपकिरी-काळे ठिपके. म्हणाला, ताई, मोठा किडा कपडा खात नाही, त्याला फुलातले परागकण पाहिजेत म्हणून तो उजेडाकडे जातो, खिडकीत मरतो, खाणारी ती त्याची अळी, आणि ती अंधारात. मग दिवाण रिकामा करायला लावला. तळाला प्लायच्या फटीत खाकी, पोकळ, केसाळ सालं पडलेली, अळी कात टाकते त्याची, आणि घोंगडीच्या घडीत एक जिवंत, अर्ध्या सेंटीमीटरची, पट्ट्यापट्ट्याची, मागच्या टोकाला केसांचा झुपका. कोळ्यासारखं जाळं कुठेच नव्हतं, जाळं असेल तर कपड्याचा पतंग समजायचा, बीटल जाळं करत नाही. हे कळणं महत्त्वाचं कारण ते पतंगांचे चिकट फेरोमोन ट्रॅप (मादीसारखा वास सोडून पतंगांना ओढणारे) ऑनलाइन भारीपैकी विकतात, त्यात हे बीटल येत नाहीत, पैसे वाया.

आणि मग तो गॅलरीत गेला आणि एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागे टॉर्च मारला. कबुतराचं जुनं घरटं, पिसं, वाळलेलं एक पिल्लू. म्हणाला, मूळ इथे आहे, हे काढल्याशिवाय मी कितीही मारलं तरी परत येतील. ह्या एका वाक्याला मी दोन स्टार देते. घरटं त्याने स्वतः मास्क-ग्लोव्ह्ज घालून, आधी पाणी मारून काढलं (कोरडं झाडलं तर विष्ठेची धूळ नाकात जाते), ट्यूबलाईटच्या पट्टीतले मेलेले किडे पण काढायला लावले.

स्प्रे मारला तो फक्त स्कर्टिंगच्या फटी, दिवाणाचे आतले कोपरे, कपाटामागे. कपड्यांवर अजिबात नाही. फिश टँक झाकून एअर पंप बंद करायला त्याने आठवणीने सांगितलं, स्प्रेमधली ही पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार वाईट. अंडी स्प्रेने मरतीलच असं नाही म्हणून काही आठवड्यांनी परत येऊन मारतो म्हणाला आणि आला, दोन्ही मिळून साडेतीन हजार. लायसन्सची कॉपी मागितली तर दाखवली, तुम्ही पण मागा, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली ह्या धंद्याला लायसन्स लागतं. पक्कं बिल मात्र मागून मागून मिळालं, आणि वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टसाठी जरा जास्तच मागे लागला, ते मी घेतलं नाही.

खरं काम तर आमचंच होतं. सुती कपडे साठ डिग्रीला मशीनमध्ये, सोवळं ड्रायक्लीनला, दिवाण आणि सगळ्या फटी व्हॅक्यूमने, आणि ती पिशवी लगेच बाहेर कचऱ्यात, नाहीतर अळ्या आत मजेत राहतात. पैठणी ड्रायक्लीनला द्यायची माझी हिंमत झाली नाही म्हणून ती मलमलीत गुंडाळून, झिपच्या पिशवीत हवा काढून, डीप फ्रीझरमध्ये उणे अठराला दोन आठवडे. साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा गार होईलच असं नाही, आम्ही जावेच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. सासूबाईंनी मटाराच्या पाकिटांशेजारी पैठणी बघून जे तोंड केलं ते इथे लिहिता येणार नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, रूम टेंपरेचरला येऊ द्यायची, नाहीतर दव धरून पैठणीची जर खराब व्हायची.

डांबर गोळ्यांबद्दल, कारण सगळे तेच सुचवतात. त्यांची वाफ बंद डब्यात साठली तरच काम होतं, उघड-बंद होणाऱ्या कपाटात नुसता वास. वाफ हवेपेक्षा जड म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या, कापडात बांधून, जरीला टेकवायच्या नाहीत. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर नकोच नको, जी-सिक्स-पीडी ह्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्याने फुटतात. कडुलिंब, लवंग छान वास देतात, एवढंच.

सध्या घोंगडी घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, मुलाची पाठ स्वच्छ आहे, खिडकीत अधूनमधून एखादा बीटल दिसतो. ते चालायचंच म्हणाला तो, अळीचं आयुष्यच काही महिन्यांचं, कधी वर्षभराचं, लगेच झीरो होणार नाही. कबुतराची जाळी हे लोक लावत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस सांगितलाय, त्याचा रिव्ह्यू तो उगवला की लिहीन.