केबिन आम्ही निवडून घेतली होती, अपग्रेड मागितलं नव्हतं : क्रूझ बुकिंगचा काही महिन्यांचा अनुभव

आंब्याचा सीझन संपला आणि जूनमध्ये आम्ही क्रूझ बुक केली, सिंगापूरहून व्हिएतनाम आणि परत, डिसेंबरअखेर. जाऊन आलो, सगळे मजेत आहेत. जेवण कसं होतं, शो कसे होते यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, ते मी लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते बुकिंग केल्यापासून जहाजात पाय ठेवेपर्यंतच्या महिन्यांबद्दल, कारण त्या काळात आमची विचार करून, जास्त पैसे भरून घेतलेली केबिन आम्हाला न विचारता बदलली गेली आणि वर अभिनंदनाचा मेल आला. आपल्याकडून आता बरीच मंडळी आईवडिलांना घेऊन क्रूझला जायला लागलीयेत, त्यांना हे आधी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही मालवणचे. बरोबर सासूसासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. आईंना बोट लागते, म्हणजे जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यात जायच्या होडीत सुद्धा त्या पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसतात. बाबा मात्र मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होते, त्यामुळे केबिन कुठली घ्यायची हे त्यांनीच ठरवलं. डेक प्लॅनचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशाचा, प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिलने गोल केला. खालचा डेक, जहाजाच्या बरोबर मधे, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच, लिफ्ट जवळ, शेजारशेजारच्या दोन खिडकीवाल्या केबिन आणि मधे उघडणारं दार, म्हणजे रात्री आईंना काही झालं तर आम्ही लगेच पलीकडे. बाल्कनी नकोच होती. मुलगी लहान, आणि आईंना उंचावरून खाली पाणी बघितलं की गरगरतं.

मधली आणि खालचीच का, हे बाबांनी जसं सांगितलं तसं सांगते. जहाज लाटेवर पुढून मागे हलतं तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, नाळीकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग सगळ्यात जास्त वरखाली होतो. आडवं डुलणं जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. स्टॅबिलायझर असतात ते हे आडवं डुलणं कमी करतात, पुढची आपट त्यांनी थांबत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत दक्षिण चीन समुद्रात ईशान्य मोसमी वारा जोरात असतो, म्हणजे सिंगापूरहून वर व्हिएतनामकडे जाताना लाट समोरूनच येणार. आवाजाचं पण आहे, पुढे खालच्या बाजूला बो थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे असतात, बंदराला लागताना पहाटे त्यांची घरघर होते, नांगर टाकला तर साखळीचा आवाज वेगळाच. स्विमिंग पूलच्या खालची केबिन घेतली तर सकाळी डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज, थिएटरच्या वरची घेतली तर रात्री उशिरापर्यंत ढोल. हे सगळं डेक प्लॅनवर अर्धा तास बसलं की कळतं, पण बसावं लागतं. बाबांच्या लहानपणी मालवणला आगबोट खोल पाण्यात थांबायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची, आणि तेव्हाही जाणती माणसं डेकवर चढल्या चढल्या मधली जागा धरून वळकटी पसरायची, पुढे कोण जात नसे.

आता बुकिंगचे दोन प्रकार. एक गॅरंटी केबिन. यात तुम्ही फक्त प्रकार घेता, आतली, खिडकीवाली की बाल्कनी, आणि नंबर कंपनी नंतर देते, कधी कधी निघायच्या अगदी थोडे दिवस आधी. हे स्वस्त असतं. दुसरा प्रकार म्हणजे नंबर बघून घेतलेली केबिन, याला जास्त पैसे. आम्ही दुसरा घेतला, दोन्ही केबिनसाठी. गॅरंटीवाल्याला कुठेही टाकलं तर तक्रारीला जागा नाही, त्याने ते कबूल करूनच पैसे वाचवलेत. पण ज्याने नंबरासाठी पैसे मोजलेत त्याला तो नंबर मिळाला पाहिजे असंच कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात अटींमध्ये असं असतं की त्याच किंवा वरच्या प्रकारातली दुसरी केबिन देण्याचा हक्क कंपनीकडे आहे. ही अट जवळजवळ सगळीकडे असते. बुकिंग करताना ती कोणी वाचून दाखवत नाही.

जुलैपासून मेल सुरू झाले. अपग्रेडसाठी बोली लावा. हे आता बऱ्याच कंपन्यांकडे आहे, रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप, सेलिब्रिटीचं मूव्हअप, नॉर्वेजियनचं अपग्रेड ॲडव्हान्टेज वगैरे. बाण सरकवायचा, रक्कम वाढली की बाजूचा काटा कमकुवतकडून जोरदारकडे जातो. यात वाईट काही नाही, ज्याला हवंय त्याने लावावी, फक्त तीन गोष्टी समजून घ्या. दाखवलेली रक्कम साधारणपणे माणशी असते आणि दोन माणसांची धरतात, म्हणजे स्क्रीनवर दिसते त्याच्या दुप्पट कार्डावर जाते. बोली मान्य झाली की पैसे परत नाहीत, मान्य होईपर्यंत रद्द करता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही प्रकारावर बोली लावता, जागेवर नाही, त्यामुळे मधली केबिन सोडून तुम्ही पार पुढच्या टोकाला जाऊ शकता आणि मग मला आधीचीच द्या म्हणता येत नाही. स्वीट, म्हणजे हॉलसकट मोठी केबिन, मिळाली तर रोजची टिप पण बऱ्याच ठिकाणी जास्त असते. आम्ही एकदाही बोली लावली नाही, नको असं एजंटला कळवलं सुद्धा, तरी मेल आणि ॲपवर नोटिफिकेशन येत राहिले.

शेवटचा हप्ता एजंटने गणपतीच्या आधीच मागून घेतला होता. आणि गौरी जेवायच्या दिवशी, घरात मुंबईची सगळी मंडळी, स्वयंपाकघरात वडे तळतायत, तेव्हा मेल आला. अभिनंदन, तुमच्या केबिनचं मोफत अपग्रेड झालंय. दोन केबिनपैकी फक्त आईबाबांची. खिडकीवालीची बाल्कनी झाली होती, कित्येक डेक वर, आणि पार पुढे. आमची होती तिथेच. म्हणजे मधल्या दाराच्या पलीकडे आता कोणीतरी अनोळखी आणि आई एका टोकाला. घरातले सगळे खूश झाले, अरे वा बाल्कनी, फुकटात! बाबांनी फोन हातात घेतला, प्लॅन काढून बघितला आणि म्हणाले, "गो, ह्या आमका नको. फुकट गावला म्हणान तिका थंय नेवची नाय." मी त्याच संध्याकाळी एजंटला लिहिलं.

हे का होतं ते मला नंतर कळलं आणि ते कळल्यावर निदान बोलायचं काय हे कळलं. शेवटच्या हप्त्याच्या मुदतीला बरेच लोक बुकिंग रद्द करतात, मग कंपनीला कुठे किती रिकामं आहे ते दिसतं आणि केबिनची हलवाहलव सुरू होते. ज्या प्रकाराला मागणी जास्त त्यातली माणसं वर सरकवायची आणि खालच्या केबिन परत विकायच्या. त्यात आईबाबांच्या केबिनमध्ये भिंतीतून खाली येणारे जास्तीचे दोन बर्थ होते, चार माणसं झोपतील अशी ती. दोनच माणसं राहणार असतील तर त्यांना हलवून ती चौकोनी कुटुंबाला देतात, कारण अशा केबिन कमी असतात, आणि लाइफबोटीच्या क्षमतेप्रमाणे कुठल्या भागात किती माणसं ठेवायची यालाही मर्यादा असते. दिव्यांगांसाठीच्या केबिनमधून सुद्धा धडधाकट माणसाला हलवतात, आणि ते तर हलवावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणून आता मी सांगते की डेक प्लॅनवर तिसऱ्या-चौथ्या बर्थची खूण असलेली केबिन दोघांनी शक्यतो घेऊच नका, तिथून हलवलं जाण्याची शक्यता जास्त.

एजंटचं पहिलं उत्तर फोनवर, "मॅडम, लोक यासाठी पैसे भरतात हो." मला याचा मनापासून राग आला. आपली कोकणकन्या घ्या ना, तिकीट काढताना ऑटो अपग्रेडचा चौकोन असतो, नको असेल तर नको म्हणता येतं, कारण ज्येष्ठ माणसाला खालचा बर्थ सोडून वरच्या वर्गातला वरचा बर्थ मिळाला तर त्याला तो काय उपयोगाचा. इथे लाखांत पैसे घेऊन तो साधा प्रश्न विचारत नाहीत. मग मी फोन बंद केला आणि सगळं मेलवर. काय लिहिलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल. जूनच्या पावतीवरचा केबिन नंबर, नंबर निवडण्यासाठी भरलेला फरक, दोन्ही बुकिंग जोडलेली आहेत हे, आईंच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मागणी एकच : जुनी केबिन परत द्या, ती गेली असेल तर त्याच प्रकारातली मधल्या भागातली आमच्या जास्तीत जास्त जवळची द्या, अपग्रेड आम्हाला मान्य नाही. शेवटचं वाक्य स्पष्ट लिहिणं फार गरजेचं, कारण गप्प बसलात तर मान्य आहे असंच धरलं जातं.

उत्तर यायला नवरात्र उजाडलं. जुनी केबिन दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली होती, ती मिळाली नाही. पण एक डेक वर, मधेच, खिडकीवाली मिळाली, आमच्यापासून एक जिना. ती आम्ही घेतली. मधलं दार गेलं ते गेलंच. एजंटने तेव्हा एक गोष्ट केली जी त्याला जूनमध्येच करता आली असती, बुकिंगवर अपग्रेड नको अशी खूण लावली. काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये एजंटला ही सोय असते, नसेल तर निदान शेरा लिहिता येतो. पूर्ण खात्री याने मिळत नाही, पण आमच्या बाबतीत त्यानंतर केबिन हलली नाही, आणि बोलीचे मेल पण बंद झाले.

आता प्रत्यक्ष जहाजावर. दुसऱ्या रात्री वारा वाढला. आमच्या मजल्यावर ग्लासातलं पाणी हलताना दिसत होतं एवढंच, आईंनी गोळी घेतली, आलं चघळलं आणि झोपल्या. सकाळी उठून चहा प्यायल्या, ते बघून मला रडूच यायचं बाकी होतं. बाबा उत्सुकतेने पुढच्या टोकाला, त्या अपग्रेडच्या केबिनच्या पॅसेजमध्ये जाऊन आले, म्हणाले तिथे भिंतीला हात लावल्याशिवाय चालता येत नाही आणि रेलिंगला कागदी पिशव्या खोचून ठेवल्यात. टेबलावर कोल्हापूरचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं भेटलं, त्यांना तसंच फुकट अपग्रेड मिळालं होतं, त्याच बाजूला. ते एकदम आनंदात, बाल्कनीत बसून सूर्योदय बघतायत, हलण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. तर अपग्रेड कोणासाठी तरी खरंच छान असतं. तेच अपग्रेड पासष्टीच्या पुढच्या बोट लागणाऱ्या बाईला दिलं तर तिची पूर्ण सहल गादीवर जाते. त्यासाठी आधी विचारा, एवढंच तर मागणं आहे.

अजून एक, पैसे. जूनमध्ये नंबर निवडण्यासाठी जो फरक भरला तो आईबाबांच्या केबिनपुरता परत मागितला. त्यांनी जहाजावर खर्च करायचं क्रेडिट दिलं, जे न वापरल्यास बुडतं, रोख मिळत नाही. मुलीच्या आईस्क्रीममध्ये आणि एका फोटोत ते संपलं. मी हे लेखी कळवलंय की ते मी परतावा म्हणून स्वीकारलेलं नाही.

ज्यांना असं काही झालंय त्यांच्यासाठी, बिल भारतातल्या एजंटचं असेल तर परदेशी कंपनीकडे बोट दाखवून तो सहज मोकळा होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेपा घालायची गरज नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. आणि बुकिंग ॲपवर आधीच टिक केलेले चौकोन असतील, इन्शुरन्स, पॅकेज वगैरे, तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, नियमांत न विचारता टोपलीत वस्तू घालणं आणि सारखं सारखं मागे लागणं ही दोन्ही मनाईच्या यादीत आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. माझ्याकडे जूनपासूनचे सगळे होते म्हणून मेलवर बोलता आलं.

आता नणंद आणि तिचे मिस्टर पुढच्या वर्षी भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जायचं म्हणतायत. दोघंही धडधाकट, जागा कुठलीही चालेल, त्यांना मी गॅरंटी घ्यायला सांगितलंय, नंबरासाठी पैसे भरू नका म्हणून. आईबाबांना परत न्यायचं झालं तर दोन बर्थचीच केबिन, मधली, आणि पैसे भरायच्या आधी एजंटकडून अपग्रेड नको हे मेलवर लिहून. फरकाच्या रकमेबद्दल एजंटला शेवटचं पत्र गेलंय, पंधरा दिवसांची मुदत दिलीय. उत्तर नाही आलं तर बाबा म्हणाले ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार टाकूया, कागद त्यांनी फाइलला लावून ठेवलेत.