पावसातला टी-रेक्स: यंत्राचा की संगणकाचा?
'जुरासिक पार्क' चित्रपटातला (१९९३) कोणता टी-रेक्स डायनोसॉर जास्त जिवंत वाटतो? यांत्रिक प्राणी घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओत बांधलेला, की इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्स कंपनीने संगणकावर घडवलेला? माझं मन पहिल्याकडेच ओढ घेतं. हायड्रॉलिक्सवर, म्हणजे द्रवाच्या दाबावर हलणारं, सुमारे ४० फूट लांबीचं ते धूड सेटवर खरोखर उभं होतं. ते गाडीशी तोंड आणतं तेव्हा आतल्या मुलांच्या चेहऱ्यावरची भीती उसनी वाटत नाही. पावसाच्या चित्रीकरणात त्याची फोम लेटेक्सची (स्पंजासारख्या रबराची) कातडी पाणी शोषायची, वजन वाढलं की अख्खं यंत्र थरथरायचं. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला टिपून काढायची! एवढी माया त्या रबरावर.

पण ते पळू शकत नव्हतं. जीपमागे धावणारा टी-रेक्स आणि शहामृगासारख्या गॅलिमिमस डायनोसॉरचा उधळलेला कळप ही इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या डेनिस म्युरेन यांच्या चमूची करामत. संगणकाची दृश्यं मोजकीच, म्हणून ती अजून टिकून आहेत.

खेळण्यांतही माझी निवड तीच: केनर कंपनीचा १९९३ चा रबरी कातडीचा लाल टी-रेक्स. मॅटेल कंपनीचे नवे डायनोसॉर सुबक आहेत, पण ती मऊ कातडी हाताला वेगळीच लागते.