माशीचा चेहरा दुसऱ्याचा, लेन्स भलतीच

वापरलेली मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. पार्सल आलंच नाही किंवा डब्यात दगड निघाला, असला हा प्रकार नव्हता. लेन्स आली, कॅमेऱ्यावर नीट बसली, फोटोही निघाले. तिच्यावर इंग्रजीत ठळक ‘मॅक्रो’ छापलेलंही होतं. विकताना सांगितलेल्या बहुतेक शब्दांना तिच्या अंगावर कुठे ना कुठे आधार सापडत होता, आणि म्हणूनच पुढे दाद मागणं जड गेलं. किड्यांचे फोटो काढायला परवडणारी लेन्स शोधणारे लोक याच पद्धतीने गाठले जातात, म्हणून तपशिलात लिहिते.

जाहिरात अशी होती: ‘ट्रू मॅक्रो, १:१, कीटकांसाठी उत्तम, काच एकदम स्वच्छ.’ लेन्सचे स्वतःचे फोटो मोजकेच. एकात पुढची काच आणि तिच्याभोवतीची रिंग तिरकी दिसत होती. त्यावर १:२.८ वाचता येत होतं, मॅक्रो हा शब्द वाचता येत होता, बाकीचा मजकूर सावलीत. तिने काढलेले म्हणून दिलेले फोटो मात्र डोळे दिपवणारे. घरमाशीचा चेहरा चौकटभर, डोळ्यांतलं षटकोनी जाळं सुटं सुटं. मुंगीच्या जबड्यात पाण्याचा थेंब. चतुराचं डोकं, त्यावरच्या केसांसकट.

मी विचारलं, फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ ओढते त्याचा मिलिमीटरमधला आकडा) किती? “७५, मॅडम.” मॅग्निफिकेशन? “१:१.” मग रिंगवर १:२.८ कसं लिहिलंय? “ते अ‍ॅपर्चर असतं मॅडम. मॅक्रोचं गुणोत्तर वेगळं, ते १:१ आहे.” यातलं अ‍ॅपर्चरचं उत्तर अगदी बरोबर होतं. लेन्सच्या रिंगवर १:२.८ किंवा १:४-५.६ असं जे छापतात ते तिचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या झरोक्याचं माप, एफ २.८ वगैरे. किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या आतल्या पट्टीवर) किती मोठा उमटेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे संभाषण ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

सौदा ठरल्यावर त्याने पैसे थेट पाठवायला सांगितले. साइटमधून दिले तर मध्ये कमिशन जातं, थेट दिलेत तर तेवढी सूट तुम्हालाच. ही सूट म्हणजेच सापळा, हे मला पैसे अडकल्यावर कळलं. साइटमधून दिलेले पैसे काही काळ मध्येच थांबवून ठेवले जातात. माल वेगळा निघाला तर ते परत फिरवता येतात. थेट दिलेले पैसे त्याच क्षणी विक्रेत्याचे होतात.

पार्सलमधून निघाली २८ ते ७५ मिमीची एक जुनी झूम. त्याने सांगितलेले ७५ म्हणजे तिचं एक टोक. झूम लेन्स थोडी जवळून फोकस करत असली की तिच्यावर ‘मॅक्रो’ छापायची रीत कंपन्यांमध्ये जुनीच आहे. एफ २.८ च्या या जातीच्या बऱ्याच झूम कमाल १:४ च्या आसपास पोहोचतात. म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या पाव आकाराची. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये ती वस्तूएवढीच असते, म्हणून तिला १:१ म्हणतात.

हे तपासायला ना प्रयोगशाळा लागते ना जाणकार. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक साधी पट्टी लागते. झूम असेल तर सर्वांत लांबच्या टोकाला न्यायची, ऑटोफोकस बंद करायचा, फोकसची रिंग सर्वांत जवळच्या अंतरावर आणून ठेवायची आणि मग तिला हात न लावता कॅमेराच पुढेमागे करत पट्टी स्पष्ट करायची. फोटोत डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर मावले ते मोजायचं. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागलं की मॅग्निफिकेशन हातात. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर बहुतेक कंपन्यांचा साधारण २३.५ मिमी. माझा कॅमेरा एपीएस-सी. १:१ असती तर पट्टीचे साडेतेवीस मिलिमीटर दिसायला हवे होते. दिसले ९२. झाला हिशोब.

किड्यांच्या बाबतीत या फरकाचा अर्थ काय? घरमाशी ७ मिमी लांब धरू. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात आडवे साधारण ६००० पिक्सेल असतात. १:१ लेन्सने माशी सुमारे १८०० पिक्सेल लांब येते, म्हणजे चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. माझ्याकडे आलेल्या लेन्सने साडेचारशेच्या आसपास. कापून मोठी केली की माशी आहे एवढं कळतं. टाचणीचा (चतुराच्या बारीक भावंडाचा) किंवा फुलपाखराचा फोटो तिने बरा येतो, हेही सांगायला हवं. लेन्स म्हणून ती वाईट नाही, लग्नसमारंभात चांगली चालेल. पण मला माशी हवी होती.

मग मी जाहिरातीतली ती माशी पुन्हा उघडली आणि तिच्याच आधारे हिशोब मांडला. माशीच्या संयुक्त डोळ्यातली एक षटकोनी भिंगी साधारण २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घरात असते. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्या जरा आत. १:१ ने काढलं तर एका भिंगीला सहाएक पिक्सेल मिळतात, जाळं जेमतेम कळतं. १:४ ने दीड पिक्सेल, म्हणजे जाळं दिसणंच शक्य नाही. आणि जाहिरातीत तर माशीचा चेहराच चौकटभर होता! चेहरा फार तर ३ मिमी रुंद. साडेतेवीस मिमीच्या सेन्सरवर तो भरून उरायचा तर सातआठ पट मोठी प्रतिमा लागते. असली मोठी प्रतिमा साधी १:१ लेन्स एकटी देत नाही. त्याला सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह किंवा खास जास्त मॅग्निफिकेशनची लेन्स लागते.

शिवाय तोंडापासून मागच्या केसांपर्यंत सगळं एकसारखं स्पष्ट. १:१ वर एफ ८ ठेवलं तरी फुल फ्रेमवर स्पष्टतेचा पट्टा सुमारे १ मिमीचा असतो, मॅग्निफिकेशन वाढेल तसा तो आणखी पातळ होतो. असा फोटो फोकस थोडाथोडा सरकवत पुष्कळ चौकटी घेऊन, त्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून बनवतात. त्याला स्टॅकिंग म्हणतात आणि ते चिकाटीचं काम आहे. फोटोवरून फोटो शोधायची सोय वापरली तर मूळ फोटो दुसऱ्याच कुणा छायाचित्रकाराचा निघाला. खाली त्याने स्वतःचं साहित्यही लिहिलं होतं, त्यात ऑब्जेक्टिव्ह होतंच. मुंगी आणि चतूरही त्याचेच. तीन फोटो उचलताना विक्रेत्याने निदान तीन वेगळी दारं ठोठवायची होती, पण तेवढेही कष्ट नाहीत.

फंगस, म्हणजे काचेवरची बुरशी, दिसला तो नंतर. ‘काच एकदम स्वच्छ’ हे पुढून प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत कुठल्याही लेन्सबद्दल खरंच वाटतं. बुरशी पाहायची तर लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची, अ‍ॅपर्चरची पाती पूर्ण उघडायची (काही माउंटमध्ये, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवण्याच्या जोडात, ती आपोआप उघडी राहतात, काहींत मागची छोटी कळ सरकवावी लागते) आणि एका बाजूने तिरका टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघायचं. थेट टॉर्चकडे बघू नका, डोळे दिपतात आणि बुरशी निसटते. माझ्या लेन्समध्ये मागच्या भिंगाच्या कडेने पांढरे बारीक धागे फांद्या फुटल्यासारखे पसरले होते. दमट जागी बंद पडून राहिलेल्या लेन्सचं हे दुखणं. फार काळ राहिलं तर बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, आणि ते धुऊन परत येत नाही. आतलं भिंग उघडून साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीला सहज गाठतो. थोडी बुरशी समोरून काढलेल्या फोटोत कळतही नाही, पण उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो. किड्यांचे चांगले फोटो बहुतेकदा मागून आलेल्या सकाळच्या उन्हातच असतात, तेव्हा हे दुखणं इथे नेमकं नडतं.

विक्रेत्याला पट्टीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर वाचून मला हसू आलं आणि रागही. “मॅडम, रिंगवर १:२.८ स्पष्ट लिहिलंय. मी फोटो पाठवला होता. तेच गुणोत्तर. तुम्ही बघूनच घेतलंत.” विकताना ज्याला अ‍ॅपर्चर आणि मॅग्निफिकेशन यांतला फरक व्यवस्थित ठाऊक होता, त्याला तक्रार आल्यावर तो आठवेना. मी त्याचाच जुना निरोप त्याला परत पाठवला. त्यानंतर सूर बदलला, ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली. “ताई, गैरसमज झाला असेल. तुम्ही आधी लेन्स परत पाठवा, हातात आली की लगेच पैसे टाकतो.” पत्ता दिला तो पार्सलवरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. आधी पैसे, नाहीतर साइटमार्फत अदलाबदल, असं म्हटल्यावर फंगस माझ्याच घरी लागला असं ठरलं. पार्सल मिळाल्यापासून मधल्या थोडक्या काळात म्हणे. मग निरोप वाचलेही जाईनात.

साइटकडे तक्रार केली. पट्टीचा फोटो, ‘१:१’ असं लिहून दिलेला निरोप, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि त्यात दिसणारा लेन्सचा क्रमांक, मूळ छायाचित्रकाराच्या फोटोंचा पुरावा, सगळं एकत्र दिलं. खातं बंद झालं. पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत, त्यामुळे परत मिळवून देऊ शकत नाही, असं उत्तर आलं. पुढे दुसऱ्या नावाच्या खात्यावर तीच माशी दिसली, यावेळी ‘१०५ मिमी’ म्हणून. मी ताबडतोब कळवलं आणि त्या छायाचित्रकारालाही सांगितलं. त्याने त्याच्या बाजूने फोटो हटवून घेतले. फोटोच्या मालकाच्या तक्रारीवर साइट माझ्यापेक्षा फार लवकर हलली, हे इथे नोंदवून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.

याच बाजारातल्या बाकीच्या हातचलाख्या थोडक्यात. मोबाइलला चिमट्याने लावायच्या भिंगावर ‘१००एक्स’ लिहिलेलं असलं तर हसून पुढे जा. भिंग उपयोगी असू शकेल, आकडा नव्हे. ‘३० सेंमीवरून फोकस’ हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या टोकापासून नाही, त्यामुळे किड्यापर्यंत प्रत्यक्ष उरणारी जागा बरीच कमी. एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काच नसतेच, ती लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची पोकळ नळी, म्हणून ‘ऑप्टिकल ग्लास’ची ट्यूब विकणाऱ्याला त्याची काच कुठे आहे ते विचारा. आणि विजेचे संपर्क नसलेली ट्यूब ‘सर्व कॅमेऱ्यांना चालते’ म्हणून खपवतात. चढते खरी, पण ज्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातूनच चालतं तिची पाती मग हलत नाहीत.

क्लोज-अप फिल्टरमध्ये, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायच्या जादा भिंगात, फसवणूक ओळखणं मात्र मजेशीर आहे. डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं माप. +१० डायॉप्टरच्या भिंगाचं केंद्रांतर (फोकल लेंग्थ) १० सेंमी, +८ चं साडेबारा. खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद धरा आणि फिल्टर पुढेमागे करा. बाहेरचं दृश्य उलटं आणि स्पष्ट उमटतं तिथे अंतर मोजा. ‘+१०’ छापलेला फिल्टर २५ सेंमीवर चित्र देत असेल तर तो +४ आहे. एकाच काचेच्या स्वस्त फिल्टरने कडांना जांभळी-हिरवी किनार येते. दोन काचा जोडलेला अ‍ॅक्रोमॅट महाग असतो, पण २०० मिमीच्या लेन्सवर चांगला +८ अ‍ॅक्रोमॅट लावला तर दीडपटीच्या वर प्रतिमा मिळते. स्वस्तात किडे काढायचे तर माझ्या मते संशयास्पद ‘मॅक्रो झूम’पेक्षा हे किंवा ५० मिमीची साधी लेन्स आणि ट्यूबचा संच कितीतरी बरा. १२, २० आणि ३६ मिमीच्या ट्यूब एकत्र लावल्या की ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६, आणि लेन्सची स्वतःची थोडी भर. माशीला पुरेसं.

आता कुणाकडूनही वापरलेली मॅक्रो लेन्स घ्यायची झाली तर मी एकच निरोप पाठवते: ‘सर्वांत जवळच्या फोकसवर मिलिमीटर पट्टीचा फोटो, न कापलेला, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि कॅमेऱ्याचं मॉडेल. मागून टॉर्च मारून काचेचा एक फोटो.’ बरेच जण गप्प होतात. एकाने उलट विचारलं की मी लेन्स घेते आहे की परीक्षा.

एकाने मात्र त्याच दिवशी पाठवला. जुनी, हाताने फोकस करायची ५० मिमी मॅक्रो, जाहिरातीत १:१. पट्टीवर त्याच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात ४७ मिलिमीटर मावले होते. म्हणजे १:२. तो स्वतःच चक्रावला. त्यालाही ती १:१ म्हणूनच विकली गेली होती आणि त्याने कधी मोजलं नव्हतं. मी सांगितलं की अशा अनेक जुन्या मॅक्रो लेन्स एकट्या १:२ पर्यंतच जातात आणि जोडीला एक ट्यूब लावून १:१ करतात. त्याने जाहिरात दुरुस्त केली, किंमतही उतरवली, आणि पैसे साइटमार्फतच घेतले. काच टॉर्चखाली स्वच्छ निघाली. २५ मिमीची ट्यूब मात्र त्याच्याकडे नव्हती, ती वेगळी घ्यावी लागली.