शाल-श्रीफळ की विमा?

19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, गावच्या स्वयंसेवकांना शाल-श्रीफळ द्यायचं की त्यांचा विमा उतरवायचा, यावर डिचोलीकडच्या एका मंडळात दोन तट पडलेत.

खर्चात विमा सरळ जिंकतो. शाल, स्मृतिचिन्ह, मंडप, माईक यांची बेरीज बरीच होते, आणि त्यातला घरी उपयोगी पडतो तो नारळ. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना 2 लाख. मात्र हप्ता ज्याच्या त्याच्या बँक खात्यातून कापला जातो, म्हणजे प्रत्येकाला बँकेत धाडून अर्ज भरून घेणं आलं. संरक्षणही 31 मेपर्यंतच. खात्यात पैसे नसतील तर पुढच्या वर्षी ते खंडित.

मेहनत सत्कारात कमी. एका संध्याकाळी उरकतो, पाहुण्यांची भाषणं लांबली नाहीत तर! शिवाय मध्यरात्री रुग्णाला स्वतःच्या गाडीतून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेणाऱ्याचं नाव गावासमोर घेतलं जातं, ते विम्याने होत नाही.

साप पकडणारे, बुडणाऱ्यासाठी पाण्यात उड्या घेणारे तरुण असतील तर आधी विमा. सत्तरी ओलांडलेले भजनीबुवा, निवृत्त मास्तर यांना शालच द्या. या विम्याला वयाची अट 18 ते 70 आहे.