कागद चोख होते, पाया कुजलेला होता

पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च करून घेतला होता. घरात फसवणूक होते ती कागदात, हे डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. नेदरलँड्समध्ये तेच नडलं. इथे मालकी, बोजा, कर्ज सगळं नोटरीच सरकारी नोंदींतून तपासतो आणि पैसेही त्याच्याच खात्यातून फिरतात. कागदात खोट काढायला जागा नव्हती, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

घर झानडामचं, अॅमस्टरडॅमहून ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर. 1926 सालचं विटांचं रो-हाऊस, सात घरांच्या ओळीतलं पाचवं. गल्लीत मुलं खडूने रस्ता रंगवत होती, शाळा कोपऱ्यावर, मागे छोटी बाग. बायको तर फाटकातच विरघळली.

साल 2021. तेव्हा घर बघायला वीस मिनिटं मिळायची, आपण बाहेर पडताना पुढचं जोडपं दारात उभं. सांगितलेली किंमत 3,75,000 युरो. माकेलार, म्हणजे इथला एजंट, कॉफी देत म्हणाला, ‘बाकीचे लोक अटींशिवाय बोली लावतायत.’ मी समजलो, गडी आपल्याला आतली गोष्ट सांगतोय. अहो, तो विकणाऱ्याचा माणूस! घेणाऱ्याने आपला माकेलार वेगळा करायचा असतो आणि आम्ही ते पैसे वाचवले होते. आम्ही 4,15,000 ची बोली लावली आणि घराची तांत्रिक तपासणी करून घेण्याची अट स्वतःच्या हाताने काढून टाकली. बँकेच्या मूल्यांकनात घर 3,95,000 चं निघालं. बँक त्याच्यावर एक युरो देत नाही, म्हणून वरचे 20,000 खिशातून. शिवाय 2 टक्के हस्तांतरण कर, 8,300 युरो.

दिवाणखान्याच्या सामायिक भिंतीला तेव्हा ओल्या प्लास्टरचा वास येत होता. जमिनीवर कोरं लॅमिनेट. मागच्या कोपऱ्यात छतापर्यंतचं कपाट, रिकामं. रिकामं कपाट कशाला, हा प्रश्न मला पडला तो वर्षभराने.

विकणारा इथे एक लांबलचक प्रश्नावली भरून देतो: छत गळतं का, अॅस्बेस्टॉस आहे का, पायाचा काही त्रास आहे का. पायासमोर आमच्या मालकांनी लिहिलं होतं, ‘माहीत नाही’. करारात जुन्या घरांसाठी असतं ते कलमही होतं: घर जुनं आहे, नव्या घराच्या दर्जाची अपेक्षा खरेदीदाराने ठेवू नये. सही केलेल्या कराराची प्रत हातात आली की तीन दिवस विचार बदलायला मिळतात, दंड नाही, कारण द्यावं लागत नाही. ते तीन दिवस आम्ही पडदे निवडण्यात घालवले.

वास्तुशांतीच्या दिवशी बेसनाचा एक लाडू ताटातून निसटला आणि घरंगळत थेट मागच्या दारापर्यंत गेला. लाडू किती गोल झालेत म्हणून बायकोचं कौतुक झालं.

चार महिन्यांनी शेजारच्या आजी कुंपणावरून इंग्रजीत म्हणाल्या, ‘फाउंडेशनला तुम्हीही आहात ना?’ मला वाटलं एखादी संस्था असेल, वर्गणी मागतायत. म्हटलं, ‘हो, नक्की! किती द्यायचे?’ त्या म्हणाल्या, ‘घरटी पंच्याऐंशी हजारांच्या आसपास.’

मग आजींनीच घरात बोलावून फाइल दाखवली. हा भाग दलदलीचा, जुनी घरं लाकडी खांबांवर उभी. खांब पाण्याखाली असतात तोवर टिकतात. भूजल खाली गेलं की खांबांच्या डोक्यांना हवा लागते, बुरशी धरते आणि घर एका बाजूने खचायला लागतं. 2019 मध्ये सातही मालकांनी वर्गणी काढून जमीन खणून तपासणी करून घेतली होती. अहवालाच्या शेवटच्या पानावर सात सह्या. पाचवी आमच्या ‘माहीत नाही’वाल्यांची.

गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा समोरच्या काकांनी हात हलवून हसत स्वागत केलं होतं. त्यांना दोष तरी काय द्यायचा, आम्ही विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात विकणाऱ्याला रजिस्टर पत्र पाठवलं, हे बरं केलं, कारण दोष कळल्यावर तक्रारीला उशीर झाला की हक्कच जाऊ शकतो. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं: जुन्या घराचं कलम वाचा, आणि चौकशी करणं हे खरेदीदाराचं कर्तव्य आहे. ते आहेच. पण माहीत असलेला दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य, आणि जाणूनबुजून लपवणाऱ्याला ते कलम सहसा वाचवत नाही. खरी अडचण असते ती त्याला माहीत होतं हे सिद्ध करण्याची. आजींची फाइल नसती तर आमच्याकडे रंगवलेल्या भिंतीशिवाय काहीच नव्हतं. घराच्या विम्याने हात वर केले. कायदेशीर मदतीचा विमा आम्ही घर घेतल्यावर काढला होता. ते म्हणाले, वादाचं मूळ त्याआधीचं आहे. दीड वर्ष पत्रापत्री झाली आणि कोर्टाच्या दारात 40,000 वर तडजोड. वकिलाचे 9,000 त्यातून वजा.

तुम्ही असं घर बघत असाल तर बोली लावण्याआधी पायाचा अहवाल आहे का, हे माकेलारला लेखी विचारा. नगरपालिकेतही चौकशी करा. नेहमीच्या तपासणीत जमिनीखालचे खांब कोणी बघत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. बाहेरून विटांच्या आडव्या रेघा डोळ्यांच्या पातळीवरून बघा, कुठे उतरतात का, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून जिन्यासारखी भेग निघालीय का. आणि दोन दारं सोडून पलीकडची बेल वाजवा. डच माणूस स्वतःहून सांगायला येणार नाही, पण विचारलं तर तोंडावर खरं सांगतो.

काम एकट्याच्या घराचं करून भागत नाही, पाया ओळीचा मिळून एक आहे. सहा घरं तयार आहेत. सातवे म्हणतात, आमच्याकडे पैसे नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी आजींच्या घरी मीटिंग असते. बायको लाडू घेऊन जाते.