नावाला कॅक्टस मिक्स, आत नुसतं कोकोपीट

कुंडीत भरायच्या या तयार मिश्रणाच्या पाकिटावरचं निवडुंगाचं चित्र बघून भुलले. आत निम्म्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. एकदा पाणी घातलं की आठवडाभर ओलंच. माझ्या एचेव्हेरियाची (जाड, रसदार पानांचं छोटं रोप) खालची पानं पिवळी, पारदर्शक झाली, बोट लावताच गळायला लागली. (सुरकुतली असती तर तहान समजले असते, ही लिबलिबीत होती.) उपसून पाहिलं तर मुळं काळी आणि कुजका वास. देठ आतून स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत कापत गेले, शेंडा चार दिवस सावलीत सुकवला आणि याच मिश्रणात बरोबरीने पर्लाइट (पाण्याचा निचरा करणारे हलके पांढरे खडे), जाडी वाळू घालून लावला. तीन आठवड्यांत पांढरी मुळं! म्हणजे माल अगदीच टाकाऊ नाही, पण 'थेट वापरा' हे पाकिटावर छापायला नको होतं. पाचपैकी दोन तारे, तेही किडे निघाले नाहीत म्हणून.